हार्लिंगनची पोच

आमच्या धंद्यात सगळे एकमेकांना म्हातारा म्हणतात. अठरा वर्षांचं पोर पहिल्यांदा मोर्सची कळ दाबत असलं तरी ते म्हातारा, आणि सत्तरीचा मी तर आहेच. ही खोड जुन्या तारघरातल्या कारकुनांची. ते कारकून गेले, तारा गेल्या, तारांचे खांबसुद्धा लोकांनी कुंपणाला नेले. पण त्यांच्या खोडी आम्ही हौशी रेडिओवाले अजून सांभाळून आहोत. निरोप घेताना आम्ही त्र्याहत्तर म्हणतो, म्हणजे शुभेच्छा. दिवसाला तीनशे तारा ठोकून ज्याचं मनगट भरून आलंय, तो माणूस शुभेच्छाही दोन आकड्यांतच उरकणार. समोरच्याचा आवाज कितीही मरतुकडा येत असला तरी त्याला पाच-नऊ-नऊ द्यायचे, म्हणजे पैकीच्या पैकी गुण. ही सभ्यता झाली. तिच्यात खरंखोटं कुणी बघत नाही.

खरंखोटं बघायचं ते पोच देताना. टिंब, रेघ, टिंब. एवढं ठोकलं की समोरच्याने समजायचं, आपलं अक्षरन् अक्षर पलीकडे कागदावर उतरलं. माझे वडील रेल्वेत तारमास्तर होते. एकेरी रूळ, दोन्हीकडून गाड्या, आणि कुठली गाडी कुठे थांबवायची याचा हुकूम तारेवरून यायचा. पोच मिळाली की पलीकडचा माणूस हुकूम पुन्हा पाठवत नसे, सरळ गाडी सोडून देई. म्हणून पूर्ण लिहून झाल्याशिवाय पोच द्यायची नाही, हे त्यांनी मला पट्टीने बोटं सुजवून शिकवलं. बाकी सगळ्यात खोटं बोल, पण त्या तीन ठोक्यांत बोलू नकोस, असं ते म्हणायचे.

बोर्गहिल्डला, म्हणजे माझ्या बायकोला जाऊन तीन वर्षं झाली. आम्हाला मूलबाळ नाही. हिवाळ्यात आमच्या बेटावर एकवीस माणसं उरतात. त्यांतली निम्मी माझ्याशी हवामानापलीकडे बोलत नाहीत आणि उरलेल्या निम्म्यांशी मी बोलत नाही. माझा स्वभाव तिरसट आहे. बोर्गहिल्ड होती तोवर तिच्या पदराआड ते खपून जायचं. आता उघड्यावर पडलंय. दिवसातून एकदाच कुणीतरी माझी वाट बघतं, सकाळी नऊ वाजता. तो हार्लिंगनचा सीत्से वीर्स्मा.

सीत्से डच. जन्मभर मालवाहू बोटींवर रेडिओ ऑफिसर होता, आता तोही विधुर. बावीस वर्षांत आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, पण त्याचा हात मी शंभरांत ओळखेन. रेघ जरा लांबवतो, भाकरी थापताना हात रेंगाळावा तशी. रोज नऊला मी त्याला हाक देतो, तो मला देतो. मग गुडघे, हवामान, जेवायला काय केलं, कोण गेलं. वीस मिनिटांत त्र्याहत्तर म्हणून उठतो. त्या वीस मिनिटांवर मी बाकीचा दिवस रेटतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

बेटावर माझ्या दाराशी येणारी एकच व्यक्ती, शेजारची ओड्नी. साठीची आहे, नवरा केव्हाच वारला. दर गुरुवारी माशाचे वडे आणून देते आणि सोबत चार टोमणे.

"काय तारमास्तर, आज कोण मेलं? जिवंत माणसांशीही बोलून बघा कधीतरी. फुकट असतं," असं ती उंबऱ्यातूनच म्हणते. मी वडे घेतो, थाळी परत देतो, दार लावतो. तिला वाटतं माझा स्वभावच तसा. स्वभाव आहेच, पण कारण वेगळं आहे. ओड्नी ही हाल्वार्ड बेनोनिसेनची बहीण.

ते मी आता सांगतोच, कारण त्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

एकोणीसशे सदुसष्टचा फेब्रुवारी. मी किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रात कामाला होतो. बारा वर्षांच्या नोकरीत मी कुणाकडेही शब्द पुन्हा मागितला नव्हता. पुन्हा मागणं म्हणजे नामुष्की, अशी माझी घमेंड, आणि केंद्रातले लोक ती वाखाणायचेही. दुपारी एका मासेमारी बोटीने संकटाची हाक दिली. बोटीवर आठ माणसं, पाणी भरत होतं. कळीवर बसलेला ऑपरेटर चोवीस वर्षांचा. बॅटरी संपत आली होती, तरी हात स्थिर होता. कुठे आहोत ते त्याने आकड्यांत सांगितलं. अक्षांशाचा तिसरा आकडा खरखरीत बुडाला. एक की दोन, फरक एका रेघेचा. एवढं पुन्हा पाठव म्हणायला तीन सेकंद लागली असती. मी दोन लिहिलं आणि पोच दिली.

पोच मिळाली म्हणून तो ठोकायचा थांबला. 'आभार, म्हाताऱ्या,' एवढं पाठवलं आणि कळ सोडली.

मदतीची बोट दहा सागरी मैल उत्तरेला गेली. तराफा सापडेपर्यंत पाच तास झाले. सात जण वाचले. ऑपरेटर, म्हणजे हाल्वार्ड, गारठून गेला होता. चौकशीत कप्तान म्हणाला, मी त्याला एक सांगितला होता. माझ्या वहीत स्वच्छ अक्षरात दोन. केंद्राच्या माणसाने बारा वर्षांत चूक केली नव्हती, तेव्हा चूक मेलेल्याची ठरली. 'घाबरून आकडा चुकला असावा,' असं अहवालात आलं. मी समोर बसलो होतो. तोंड उघडलं नाही.

निवृत्तीनंतर बोर्गहिल्डच्या या बेटावर राहायला आलो. पहिल्याच आठवड्यात शेजारी कॉफीला बोलावलं आणि भिंतीवर हाल्वार्डचा फोटो. खाली नाव. ओड्नीने आपण होऊन सगळं सांगितलं. पोर बिचारं घाबरलं, म्हणाली. त्यांचे वडील त्या वर्षी सातही घरी जाऊन हात जोडून आले, माझ्या मुलाच्या चुकीमुळे तुमच्या माणसांवर मरायची वेळ आली म्हणून. पुढे त्यांनी समुद्र सोडला. हे ऐकताना माझ्या हातात तिचा कप होता. मी म्हणालो, कॉफी छान झालीये. बोर्गहिल्डलाही मी हे कधी सांगितलं नाही.

या फेब्रुवारीत त्याला बत्तीस वर्षं झाली. त्या दिवशी सकाळी नऊला सीत्सेची हाक आली आणि काय झालं कोण जाणे, मी गुडघे-हवामान सोडून ते सगळं ठोकून काढलं. पाऊण तास लागला. नाव तेवढं टाळलं. ते बोटांतून उतरेना. शेवटी मी थांबलो. मग सीत्सेचा तो रेंगाळता हात: टिंब, रेघ, टिंब. पोच. पुन्हा एकदा पोच. 'पाच-नऊ-नऊ. त्र्याहत्तर, म्हाताऱ्या.'

एवढंच. सांत्वन नाही, उपदेश नाही. मी हेडफोन काढून टेबलावर डोकं ठेवलं आणि रडलो. जगात एका माणसाला आता ते ठाऊक होतं, अक्षरन् अक्षर, आणि तरी तो दुसऱ्या दिवशी नऊला हजर होता. त्या रात्रीपासून मला झोप लागायला लागली. बत्तीस वर्षांनी.

आता मागे वळून बघतो तेव्हा खुणा दिसतात. जानेवारीत मी सांगितलं होतं, वादळात नौकाघराचं छप्पर उडालं. सीत्सेचं उत्तर आलं: 'पोच. फारच छान.' मी मोठ्याने हसलो होतो. मुलगी येलत्ये कशी आहे विचारलं की तो आठ अंश तापमान सांगायचा. सीत्सेच्या मुलखातला, फ्रीजियन माणूस घरच्या गोष्टी चारचौघांत बोलत नाही, अशी मी माझी समजूत घातली. आपला माणूस एकच असला की त्याचं सगळं खपवून घेतो आपण.

जूनमध्ये वाऱ्याने माझी अँटेना पाडली. नवी तार बांधली, पण ती सेटशी जुळवायची म्हणजे कळ दाबून धरून बटणं फिरवायची. ती दाबलेली असते तोवर ऐकणाऱ्याच्या कानात नुसती शिटी. दुसरा जिथे ऐकत बसलाय त्याच लहरीवर अशी शिटी वाजवणं अतिशय गावंढळ मानतात. पण त्या दिवशी घड्याळात नऊ वाजून गेले होते आणि सीत्से खोळंबला असेल म्हणून मी तो गावंढळपणा केला. तीन मिनिटं सलग शिटी. एक अक्षर नाही, एक टिंब नाही. मग कळीवरचा हात काढला.

लगेच सीत्से आला. 'पोच, पोच. फारच छान, म्हाताऱ्या. पाच-नऊ-नऊ. इथे सतरा अंश. त्र्याहत्तर.'

किटलीत पाणी आटून जळका वास यायला लागला तेव्हा उठलो.

फोन नंबर होता, बावीस वर्षांत एकदाही फिरवला नव्हता. येलत्येने उचलला. मी नाव सांगितलं. मग म्हणाली, "काका, मला वाटलंच होतं तुम्ही कधीतरी फोन कराल. बाबांना ऐकू येत नाही. एक कान आधीच गेला होता, दुसरा नोव्हेंबरमध्ये गेला. आता दाराशी तोफ उडवली तरी कळत नाही त्यांना."

मी विचारलं, मग रोज नऊला ते काय करतात?

"काटा बघतात. रेडिओवर तो छोटा काटा असतो ना, समोरून काही आलं की हलणारा, तो हलायला लागला की म्हणतात, अन्सगार बोलतोय. मान डोलावत बसतात. काटा पडला की म्हणतात, आता माझी पाळी."

"आणि मला सांगितलं का नाही?"

"मी शंभरदा म्हटलं. म्हणाले, बहिऱ्याशी कोण बोलेल? सांगितलं तर तो यायचा बंद होईल." मग हळूच म्हणाली, "काका, तुम्ही बंद नका ना करू."

मी फोन ठेवला.

खरं सांगतो, मला दया आली नाही. संताप आला. नोव्हेंबर! म्हणजे फेब्रुवारीतला तो पाऊण तास हा भामटा हलत्या काट्याकडे बघून मान डोलावत होता. माझ्या आयुष्यातली एकच गोष्ट, आणि ती कुणी ऐकलीच नव्हती. चार महिने मी कशाच्या जोरावर झोपलो? न ऐकता पोच दिली त्याने. तारेच्या धंद्यात याहून नीच काही नाही. हे मी भिंतीला मोठ्याने ऐकवलं आणि ऐकवता ऐकवता थांबलो, कारण हे बोलायचा हक्क ज्यांना नाही त्यांत माझा नंबर पहिला.

दोन दिवस सेट लावला नाही. नऊ वाजले की बाहेर जाऊन पडकी तार गुंडाळत बसायचो. घरात एवढी शांतता की फ्रिज बंद पडला तेही कळलं आणि पुन्हा सुरू झाला तेही. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. ओड्नी वडे घेऊन आली, माझ्याकडे बघितलं आणि टोमणा न मारताच थाळी ठेवून गेली.

तिसऱ्या दिवशी मला सारखं डोळ्यांसमोर येत होतं, तो म्हातारा तिथे बसलाय आणि काटा हलत नाही.

नऊ वाजता मी बसलो. आमचा एक नियम आहे, समोरच्याला झेपेल त्याहून जलद ठोकायचं नाही. कारकुनांपासून चालत आलेला. मी विचार केला, या माणसाला काय झेपेल? कानाने काहीच नाही. पण काटा तर दिसतो त्याला. टिंबाला काटा जरासा उडेल, रेघेला वर जाऊन थांबेल. मात्र ठोका इतका सावकाश हवा की काट्याला खाली पडायला वेळ मिळेल. एक रेघ दोन सेकंदांची. असं मी उभ्या जन्मात ठोकलं नव्हतं. पहिल्या दिवशीच्या शिकाऊ माणसालाही लाज वाटेल इतकं हळू मी पाठवलं: 'काटा वाच.'

सीत्सेने ठरलेलं उत्तर दिलं. पोच, फारच छान, पाच-नऊ-नऊ.

मी पुन्हा पाठवलं. 'काटा वाच.' पुन्हा पोच. दात आवळून तिसऱ्यांदा पाठवलं. या वेळी मात्र पलीकडून काहीच आलं नाही. मिनिट गेलं, दोन गेली. मला वाटलं, उठून गेला.

मग त्याचा हात आला. तोही हळू, चाचपडत. 'तुला कुणी सांगितलं?'

'शिटीला पोच दिलीस, गाढवा.'

'माफ कर, म्हाताऱ्या. मला वाटलं तू जाशील.'

'फेब्रुवारीत मी काही सांगितलं होतं. ते तुला पोचलं नाही.'

'नाही. खूप वेळ काटा हलत होता. मला वाटलं, आज अन्सगार खुशीत आहे.'

मी म्हटलं, पुन्हा सांगतो. आणि सांगितलं. एक एक अक्षर, काटा वर, काटा खाली. फेब्रुवारीत पाऊण तास लागला होता, आता तीन तास लागले. मनगट पेटलं, मध्ये दोनदा हात पाण्यात बुडवून बसलो. त्या गतीने खोटं बोलता येत नाही, गोष्ट गुंडाळताही येत नाही. 'पोच दिली' हे शब्द ठोकायला मिनिटाहून जास्त लागलं आणि त्या मिनिटात मला दुसरीकडे बघायला जागा नव्हती. सीत्से दर थोड्या वेळाने थांबवायचा. 'आकडा पुन्हा.' 'किती मैल?' 'कप्तान काय म्हणाला?' फेब्रुवारीत त्याने एक शब्दही विचारला नव्हता. आता कळत होतं की पलीकडे माणूस आहे, हातात पेन्सिल आहे.

शेवटी मी थांबलो आणि पोच यायची वाट बघायला लागलो.

पोच आली नाही. त्याने विचारलं, 'ऑपरेटरचं नाव?'

मी ठोकलं. हाल्वार्ड बेनोनिसेन. ते नाव त्याच्या माणसांखेरीज कुणाच्या तोंडी यावं असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि ते माझ्या हातातून गेलं.

'त्याच्यामागे कोण आहे?'

'बहीण.'

'कुठे?'

'शेजारच्या घरात.'

'तिला माहीत आहे?'

'नाही. तिला वाटतं तो घाबरला होता.'

मी सेटवरच्या दिव्याकडे बघून तो चालू असल्याची खात्री केली. मग सीत्से बोलला, आणि मी ज्या गतीने पाठवलं होतं त्याच गतीने बोलला. एक एक अक्षर.

'सगळं लिहिलंय. पण पोच मी देणार नाही. ही तार माझ्या नावची नाही.'

त्र्याहत्तर त्याने म्हटलं नाही, मीही नाही.

मी उठलो. सदरा घामाने भिजला होता. कोट घालावा की नाही एवढंही सुचत नव्हतं, जून असूनही घातला. बारा वर्षं तिचे वडे खाल्ले आणि एकदाही तिच्या उंबऱ्याच्या आत बसलो नव्हतो, त्या पहिल्या कॉफीनंतर. दोन घरांत चाळीस पावलं आहेत. ती मला पुरली नाहीत. मी दाराशी पोचलो तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं नव्हतं.

ओड्नी ओट्याशी उभी राहून मासे साफ करत होती. मागे न बघताच म्हणाली, "आज सकाळपासून तुमच्या खिडकीत बघतेय, तारमास्तर. जागचे हललाच नाहीत. खरंच कुणी मेलं की काय?"

मी म्हणालो, "ओड्नी, हाल्वार्ड घाबरला नव्हता."

तिचा हात थांबला नाही. पाठ तशीच माझ्याकडे. ती म्हणाली, "तुम्हाला काय माहीत?"

"त्याच्याकडून तार घेणारा मी होतो."

"सांगा," ती म्हणाली. "मी ऐकतेय."

मी उभ्या उभ्याच सांगायला लागलो. दुपार, बॅटरी, स्थिर हात. ती मासे कापत राहिली, खवले उडत होते, आणि तिच्या पाठीवरून काही म्हणजे काही कळत नव्हतं. मी तिसऱ्या आकड्यापाशी आलो. त्याने एक हाच आकडा पाठवला असणार, म्हणालो. दोन मी लिहिला. तेव्हा तिने सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "हे पुन्हा सांगा."